सांगलीचा हवापालट

चि. मालू आणि चि. बापू यांस आजीचे अनेक आशीर्वाद.

मालू, तुझे पत्र बोटीने महिनाभराने पोचले. तू विचारतेस, "आजी, मागच्या वर्षी तू हवापालटाला सांगलीला का गेली होतीस? बाबा म्हणतात तिथे फार उकडतं." तुझे बाबा बरोबर सांगतात. साताऱ्याचे माणूस हवापालटाला सांगलीला जात नाही. सांगलीचे साताऱ्याला येते. ही थाप तुमच्या आजोबांनी रचली. ते उत्तम वैद्य आहेत, पण थापा रचण्यात अगदी कच्चे.

खरे काय ते आता लिहिते. पुढल्या महिन्यात मला पुन्हा सांगलीला जायचे आहे, आणि घरची मंडळी नैरोबीला तुम्हांला कळवायला नवी थाप शोधू लागली आहेत. तिच्याआधी हे पत्र निघावे म्हणून घाई. शिवाय आपल्या आळीतल्या दोन बायका मागच्या दाराने येऊन मला हळूच विचारून गेल्या, "काकू, गाठ दुखत नसली तर दाखवायची कशाला?" त्यांना जे सांगितले ते घरच्या मुलांना सांगू नये, हे काही बरे नाही.

मला कॅन्सर झाला होता. डाव्या स्तनात. हा शब्द वाचून लाजू नका. मी पहिल्यांदा लिहिताना लाजले आणि कागद फाडला. हा दुसरा कागद आहे.

लोणच्याचे अकरा दिवस

गाठ न्हाताना हाताला लागली. सुपारीएवढी, आणि मुळीच न दुखणारी. न दुखणाऱ्या गोष्टीची कोणी तक्रार करत नाही. त्यातून कैऱ्या आलेल्या होत्या. आधी लोणचे घालून होऊ दे, मग सांगू, असे मी ठरवले आणि अकरा दिवस घालवले. मी सगळी कामे क्रमाने करते याचे घरात कौतुक आहे. या वेळी क्रम चुकला. तुम्ही मोठी झालात की आधी गाठ, मग लोणचे.

तुमचे आजोबा अर्ध्या साताऱ्याची नाडी पाहतात. माझी मात्र पडशापलीकडे कधी पाहिलेली नव्हती. त्यांनी गाठ तपासली, हात धुतले, फळीवरची जुनी पोथी काढली, दोन पाने वाचली आणि मिटली.

"अगं," ते म्हणाले, "हे माझ्या मात्रेच्या पलीकडचं आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ऐकले नव्हते. आमचे छप्पर गळायचे तेव्हासुद्धा त्यांनी चुना, गूळ आणि बेलफळाचा लेप स्वतः कालवला होता. (छप्पर गळतच राहिले.) त्यामुळे मी जी घाबरले ती या वाक्याने घाबरले, गाठीने नव्हे.

"पोथीतसुद्धा शस्त्रच सांगितलंय," ते म्हणाले.

"मग शस्त्र कुठं मिळतं?"

"सांगलीकडे. मिशनच्या दवाखान्यात."

हे ऐकून वन्सं, म्हणजे तुमची आत्याआजी, देवघरातून जपाची माळ हातात घेऊनच बाहेर आल्या. आजोबांच्या त्या थोरल्या बहीण, आणि घरातल्या सोवळ्याओवळ्याची मुखत्यारी त्यांच्याकडे. "मिशनच्या? तिथं पाणी कोण देतं?" त्यांना कळेना की माणसाने मरणाला भ्यावे की पाण्याला. शेवटी त्याच म्हणाल्या, "जा बाई. तू आल्यावर पाण्याचं मी बघून घेईन."

मग थापांचे ठरले. वैद्याच्या बायकोला मिशनमध्ये कापायला नेले असे आळीत कळले तर उद्यापासून काढा कोण घेणार? म्हणून आळीला सांगायचे, नरसोबाच्या वाडीला सेवेला गेली. नैरोबीला कळवायचे, हवापालटाला गेली. कोणाला काय सांगितले याचा घोळ व्हायला लागला, तेव्हा मीच बसून यादी करून दिली.

पायाशी टांगलेला कागद

सांगलीत माझी धाकटी बहीण राहते, हळदीच्या पेठेच्या मागे. तिच्या घरी दोन दिवस राहून दवाखान्यात गेलो. माझ्या लुगड्यांना हळदीचा वास इतका बसला होता की नर्सने विचारले, "बाई, घरी लग्न आहे का?"

मोठे डॉक्टर अमेरिकन होते. मराठी स्वच्छ बोलत. त्यांनी मला तपासले आणि आजोबांना व्हरांड्यात नेले. रोग रोग्याला सांगायचा नाही, घरच्या पुरुषाला सांगायचा, ही तिथली रीत, आणि आपलीही. खिडकीतून मला आजोबांची पगडी दिसत होती. ती दोनदा हलली आणि मग बराच वेळ हललीच नाही.

परत आले ते हसत. त्या हसण्यावरूनच मी ओळखले असते. "काही नाही गं. साधी गाठ आहे. काढली की झालं."

पण तोपर्यंत माझे वाचून झाले होते. दवाखान्यात प्रत्येक खाटेच्या पायाशी एक कागद टांगतात. त्यावर ताप, नाडी आणि रोगाचे नाव असते, सगळे इंग्रजीत, म्हणजे रोग्याला कळू नये. माझ्या वडिलांनी मला पुण्याला ठेवून मॅट्रिक केले. पुढे लग्न ठरवताना पत्रिका जुळवली. भाषा जुळवायची राहिली. तुमच्या आजोबांना संस्कृत येते, मोडी येते, इंग्रजीचे अक्षर येत नाही. 'कॅन्सर' हा शब्द त्या कागदावर त्यांच्या कमरेजवळच लोंबत होता, आणि ते मला साधी गाठ म्हणून सांगत होते.

त्या वेळी मनात काय आले ते प्रामाणिकपणे लिहिते. देव आला नाही. पहिल्यांदा आल्या त्या कोठीच्या किल्ल्या. दुसऱ्यांदा, लोणचे हलवायला मी कोणालाच सांगितलेले नाही. मी पलंगपोस सारखा केला. पुन्हा केला. नर्स म्हणाली, "बाई, तो सारखाच आहे."

आजोबांना मी म्हणाले, "साधी आहे ना? बरं झालं." त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आयुष्यात त्यांची एकच थाप मला पटली, असे त्यांना वाटत होते. ते यश काढून घ्यायचे माझ्या जिवावर आले.

दोन हात, एक वेणी

शस्त्रक्रियेच्या दिवशी तोंडावर जाळी ठेवून म्हणाले, आकडे मोजा. मी विचारले, मराठीत की इंग्रजीत? उत्तर ऐकायच्या आतच गुंगीत गेले.

जागी झाले तेव्हा डावी बाजू पट्ट्यांनी बांधलेली होती आणि शेजारच्या खाटेवरून कोणी तरी माझ्याकडे टक लावून पाहत होते. "आली का जित्ती?" त्या म्हणाल्या. "ब्येस झालं. मगाधरनं वाट बगतीया, बोलाया कुनी न्हाई."

या भिकाबाई. आटपाडीकडच्या, मेंढरांमागे आयुष्य काढलेल्या. माझी डावी बाजू, त्यांची उजवी. त्यांची एकच मागणी होती, आणि ती त्या रोज सकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे मांडत.

"माजी गाठ मला बगू द्या."

"भिकाबाई, ती पाहून काय करणार?"

"आवं, तीन वरीस म्या पाळली तिला. मेंढरू कापलं तरी त्याचं काळीज धन्याला दावत्यात."

डॉक्टर या वादात रोज हरत, पण गाठ दाखवत नसत.

दवाखान्यातला दिवस घंटेवर चालतो. पहाटे ताप पाहणे, मग प्रार्थना, मग पेज, मग पट्टी. पट्टीचे दुखणे सांगत नाही; दात आवळून सोसायचे. मला आवडली ती शिस्त. तिसऱ्या दिवशी मी पेजेच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या, आणि त्या दिवसापासून पेज कधी वेळेवर आली नाही असे नर्स म्हणते.

सगळ्यांत मोठे संकट केसांचे. डावा हात खांद्याशी बांधलेला, एका हाताने वेणी घालता येईना. केसांचा पार झाडू झाला. एके दिवशी भिकाबाई उठून माझ्या खाटेवर बसल्या. "सरका. माजा डावा हाय, तुमचा उजवा हाय. दोगींचं मिळून एक मानूस हुतंय." मी एक पेड धरायचे, त्यांनी दुसरे वळायचे, तिसरे दोघींनी मिळून ओढायचे. वेणी जी झाली ती मेंढराच्या दाव्यासारखी. पण त्या दिवशी प्रथमच मला वाटले की मी घरी जाईन.

जाण्याआधी नर्सने मला एकटीला गाठले. "बाई, तुम्ही कागद वाचता ते मी पाहिलंय. तुमच्या काखेतल्या गाठी मुंबईला तपासायला पाठवल्यात. पत्र तीनचार आठवड्यांनी घरी येईल. त्यात रोग नसला तर उत्तम."

"आणि असला तर?"

"तर आम्ही प्रार्थना करू."

प्रार्थना ते रोज पहाटे करतच होते. म्हणजे आणखी करण्यासारखे काही उरणार नव्हते, त्याची मला धास्ती वाटली.

वाडीचा प्रसाद

घरी आले तेव्हा वन्संनी दारातच मला थांबवले, डोक्यापासून पायापर्यंत गोमूत्र शिंपडले, ट्रंकेवर शिंपडले, आणि मग मला धरून रडल्या. क्रम त्यांचाही पक्का असतो.

संध्याकाळपर्यंत आळी जमली. वाडीहून आलेल्या बाईकडे प्रसाद मागायला. हे कोणाच्याच यादीत नव्हते! वन्संनी मागल्या दाराने जाऊन पेढे आणले आणि प्रसाद म्हणून वाटले. शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात घोळवला. "वाडीचे पेढे अगदी आपल्या साताऱ्याच्या कंदी पेढ्यांसारखे लागतात हो!" "देवाची लीला," वन्सं म्हणाल्या.

हात वर जावा म्हणून नर्सने व्यायाम सांगितला होता: भिंतीला तोंड करून बोटांनी वर चढायचे, कोळ्यासारखे. मी स्वयंपाकघराची भिंत घेतली, कारण तिच्यावर आधीच रेघा आहेत. तुम्ही बोटीवर चढण्यापूर्वी मी तुमची उंची तिथेच मापली होती. बापूची रेघ खाली, मालूची तिच्या वर, आणि तुमच्या बाबांच्या मॅट्रिकच्या वर्षाची सगळ्यांत वर. पहिल्या दिवशी बोटे बापूच्या रेघेपर्यंतही गेली नाहीत. जिथे थांबली तिथे मी कोळशाने खूण केली.

बापू, तुला ओलांडायला मला तेरा दिवस लागले. रोज तुला म्हणत असे, कशाला रे एवढा वाढलास?

पुढचे दार, मागचे दार

पत्राची वाट पाहणे हे दुखण्यापेक्षा वाईट. अकराच्या सुमारास टपालवाला येई, आणि मी नेमकी त्या वेळी तांदूळ निवडायला ओसरीवर बसे. त्या महिन्यात इतका तांदूळ निवडून झाला की तो दिवाळीपर्यंत सगळ्या आळीला पुरला असता. पत्र मात्र आले नाही. मला नंतर कळले की आजोबांनी टपालवाल्याला बजावून ठेवले होते: इंग्रजी पाकीट आले तर माझ्या हातात, दवाखान्यात, दुसऱ्या कोणाच्या नाही.

त्यांचा दवाखाना म्हणजे आपल्या घराची पुढची खोली. पाकीट आले, त्यांनी ते घेतले, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की घरात ते वाचू शकणारे माणूस एकच आहे, आणि पाकीट लपवायचे आहे ते त्याच्यापासूनच. वकिलांकडे न्यावे तर आळीभर होईल. दोन दिवस ते पत्र त्रिफळा चूर्णाच्या डब्यात राहिले.

तिसऱ्या दिवशी हणमंता आला. हणमंता डोंगरातून त्यांना गुळवेल, अडुळसा आणून देतो. त्याचा मुलगा लढाईत होता, आणि चार वर्षे त्याच्या पत्रांवर इंग्रजी पत्ते मी घातले. मुलगा धड परत आला, त्यामुळे माझ्या इंग्रजीवर हणमंताची फार श्रद्धा. हे सगळे आजोबा विसरले. त्यांनी पत्राचा नावाचा भाग कात्रीने कापला आणि म्हणाले, "हणमंता, ज्याला चांगलं इंग्रजी येतं अशाकडून हे वाचून घे, खाली मराठीत लिहून आण. कुणाचं आहे, कुणी दिलं, एक अक्षर बोलायचं नाही. शपथ आहे." त्यांच्या मनात होते, हणमंताच्या गावात एक पेन्शनर सुभेदार आहेत.

हणमंता पुढच्या दाराने बाहेर पडला, बोळातून वळला, आणि मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आक्का, हायसा का?"

"ये रे. गुळवेल पुढं दे."

"दिली. ह्यो कागुद वाचायचा हाय. विंग्रजी हाय."

"कुणाचा?"

"त्ये सांगायचं न्हाई."

"दिला कुणी?"

"त्ये बी न्हाई. आन घेतलीया." असे म्हणताना त्याने दवाखान्याच्या भिंतीकडे पाहिले.

कागद हातात घेतला तर त्रिफळ्याचा वास. वरची कड वाकडीतिकडी कापलेली. आजोबांना सरळ कापता येत नाही. मी पाटावर बसले. तांदळाचे ताट बाजूला केले. वाचले.

काखेतल्या नऊ गाठी तपासल्या. आठ स्वच्छ. एकीत रोग आढळला. जे दिसले ते सर्व काढलेले आहे. दर सहा महिन्यांनी दाखवावे.

"वंगाळ हाय का वं?" हणमंताने विचारले.

"थांब जरा."

"मानूस जगंल का?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग विंग्रजीचा उपेग काय?"

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"खाली मराठीत लिवून द्या म्हनत्यात," तो म्हणाला. मी दौत घेतली. 'आठ स्वच्छ' लिहिले आणि थांबले. ओळीतला आठ खोडून नऊ केला असता तर पुढच्या खोलीतला माणूस आज जेवला असता, झोपला असता. दोन दिवस तो अर्ध्या ताटावरून उठत होता, आणि मला वाटत होते त्याला पित्त झाले आहे. कोणाला कळणार होते? पण तीस वर्षे मी या ओसरीवर मुलींना भाषांतर शिकवले, आणि जिने अवघड वाक्य गाळले तिची वही परत केली.

"आक्का, शाई सांडतीया."

टाकावरून मोठा थेंब पडला होता. त्याच्यापुढे मी लिहिले: 'एकीत रोग आढळला.' बाकीचे लिहिले, वाळवले, आणि कागद दिला.

हणमंता बोळातून वळून पुढच्या दारी गेला. मधली भिंत पातळ आहे.

"अरे, तू अजून इथंच? गावाला गेला नाहीस?"

"गावाला कशाला? वाचून आनला की."

मग कागद उलगडल्याचा आवाज आला.

तुमचे आजोबा त्या वेळेला कधी स्वयंपाकघरात येत नाहीत. ते आले. हातात कागद. पाठोपाठ हणमंता.

"हे अक्षर," ते म्हणाले.

"हो."

"हा डाग 'एकीत'च्या आधीच का पडला?"

मी तांदळाचे ताट पुढे ओढले.

"तू मला खोटं लिहिणार होतीस!"

"तुम्ही मला महिनाभर खोटंच सांगताय."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या कमरेशी टांगलं होतं."

ते पाटावर बसले. कोपऱ्यातून वन्सं म्हणाल्या, "मला तर दोघांनीही सांगितलं होतं, आणि दोघांनीही बजावलं होतं की दुसऱ्याला सांगू नका. माझ्या जपात महिनाभर खंड पडतोय, त्याचं कुणाला काही आहे का?"

हणमंता दारात डोके खाजवत होता. "म्हंजी कागुद हितलाच व्हय? मग भिंतीतनंच द्यायचा न्हाई का, वैद्यबुवा?"

आजोबांनी पुन्हा कागद पाहिला. "एक?"

"एक. आणि तीही आता मुंबईला आहे. बाटलीत."

"बरं झालं," ते म्हणाले. "मुंबईला आपलं कुणीच नव्हतं."

मला हसू आले, आणि हसताना टाक्यांची जागा ओढली म्हणून डोळ्यांत पाणी आले. त्यांनी माझे मनगट धरले, नाडी पाहायला. नाडी पाहायला एवढा वेळ लागत नाही हे मला ठाऊक आहे. मी हात तसाच राहू दिला.

आता

तेव्हापासून नियम असा आहे की इंग्रजी पाकीट मी फोडायचे, स्वयंपाकघरात, सर्वांदेखत, आणि मोठ्याने वाचून मराठीत सांगायचे. डिसेंबरात दाखवून आले, जूनमध्ये दाखवून आले. दोन्ही वेळा काही आढळले नाही. पुढल्या महिन्यात तिसरी खेप. भीती वाटते. पाकीट फोडताना आजोबा पोथी उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत, त्यावरून त्यांनाही वाटते. पण आता दोघांची भीती एकाच खोलीत असते, त्यामुळे तिला पुष्कळच कमी जागा मिळते.

भिकाबाईंची खबर नाही. जूनमध्ये नर्सला विचारले, तर ती म्हणाली, त्या दाखवायला आल्या नाहीत. मेंढरे कोकणात उतरली असतील. असतील.

आळीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. काढा घेणारे कमी झाले नाहीत. शेजारच्या काकू एवढेच म्हणाल्या, "पेढ्यावरून मला संशय आलाच होता."

दिवाळीला वन्संना स्वयंपाकघराच्या भिंतीला चुना द्यायचा होता. मी देऊ दिला नाही. डावा हात मालूच्या रेघेच्या वर जातो; तुमच्या बाबांच्या रेघेला चार बोटे कमी पडतो. चोळीची डावी बाजू रिकामी आहे. भिंत आहे तशी आहे. तुमच्या रेघा तिच्यावर आहेत, आणि माझ्या खुणाही.